पिक्चरचा दुसरा भाग

आमच्या घरात सगळे मोठ्यानंच बोलत. भांडण नसायचं, चक्की असायची. कामरगावात बसस्टँडवरून आत वळलं की पहिल्याच बोळीत आमचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत बाबांची पिठाची चक्की. सकाळी लाईन, म्हणजे वीज, आली की पट्टा फिरायला लागायचा, तो लाईन जाईपर्यंत. त्या आवाजावरून आवाज चढवून माय विचारायची भाजी कशाची करू, आणि मी तितक्याच मोठ्यानं सांगायची. बाहेरगावचे पाहुणे पहिल्यांदा आले की घाबरून एकमेकांकडे बघत. बाबांचे कान तर त्या चक्कीनं केव्हाच खाऊन टाकले होते. समोरच्याच्या ओठांवरून त्यांना थोडंफार कळायचं, आणि नाही कळलं तर ते हसून मान हलवायचे. गिऱ्हाइकं म्हणायची, नामदेवभाऊ कोणाले नाही म्हणत नाही. पीठ सगळीकडे असायचं. वाळत घातलेल्या लुगड्यांवर, माठाच्या झाकणावर, देवांच्या फोटोंवर, बाबांच्या भुवयांवर. आत स्वयंपाकघरात बसून मी नुसत्या वासावरून सांगायची की आता ज्वारी संपून चण्याची डाळ टाकली आहे. हरभऱ्याचं पीठ गरम असताना जो वास सुटतो ना, तो मला अजूनही कुठल्याही अत्तरापेक्षा आवडतो. पण हल्ली वाशीमकडच्या मालेगावात मी पीठ विकतच आणते. चक्कीवर उभं राहावत नाही.

माझा भाऊ अमोल माझ्याहून लहान. दहावीत गणितानं त्याला अडवलं, एकदा नाही, दोनदा, आणि मग बाबांनी त्याला चक्कीवर बसवलं. त्याला काम यायचं. पट्टा चढवायला, गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावायला तो चटकन शिकला. पण त्याचं मन पिक्चरमध्ये. रविवारी दुपारी टीव्हीवर दक्षिणेकडचे पिक्चर हिंदीत करून लागायचे. त्या दिवशी चक्की बंद असायची. माय बेसन, म्हणजे पिठलं, आणि भाकरी करायची, वर कच्चा कांदा, आणि आम्ही सगळे ताटं घेऊन टीव्हीसमोर. माय म्हणायची, हा माणूस एवढ्या लोकांले मारते, याले जेवाले केव्हा भेटते? बाबांना तर आवाजाची गरजच नव्हती. मारामारी सुरू झाली की ते भाकरीचा घास हातात धरून बसत.

त्यातला एक पिक्चर अमोलनं किती वेळा पाहिला असेल सांगता येत नाही. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, त्या पिक्चरचा काही दोष नव्हता. त्यात एक गरीब पोरगा नदीतली रेती चोरणाऱ्यांशी भिडतो, आणि शेवटी पूल कोसळतो आणि तो पोरगा पुलाबरोबर पाण्यात जातो. पिक्चर तिथंच संपतो. माझ्या दृष्टीनं तो मेला. अमोल म्हणायचा, मेला नाही, प्रेत दाखवलं का? दुसरा भाग येणार आहे. दोन-तीन वर्षं त्यानं त्या दुसऱ्या भागाची वाट पाहिली. त्या नटाचे आणखी पिक्चर आले, तो भाग आला नाही. अमोल तोवर त्या नटासारखा चालायला लागला होता. मान जराशी डावीकडे, खांदा पुढं, आणि थांबताना एक पाय किंचित घासून थांबायचं. दळण घेऊन आलेल्या बाया त्याला हिरो म्हणायच्या. त्या थट्टेनं म्हणत, तो मनापासून घेई.

सिद्धार्थ हा त्याचा मित्र. बुद्धविहाराच्या मागं त्यांचं घर, वडील शाळेत गुरुजी. तो बारावी झाला तेव्हा गुरुजींनी त्याला अकोल्याहून मोठा मोबाईल आणून दिला. आमच्या ओळखीत तरी पिक्चर काढण्यासारखा कॅमेरा असलेला तो पहिलाच मोबाईल. सिद्धार्थ बोलायला कमी, पण बघायला फार. पिक्चर पाहताना तो हिरोकडे बघतच नसे. म्हणायचा, ताई, आता पाह्य, कॅमेरा जमिनीवर ठेवला आहे म्हणून हा उंच दिसून राह्यला. मला ते कधी दिसलं नव्हतं. त्यानं सांगितल्यावर मला दिसायला लागलं, आणि आजही दिसतं.

एका उन्हाळ्यात या दोघांनी ठरवलं की दुसरा भाग कोणी काढत नाही ना, तर आपणच काढू. गोष्ट दोघांनी चक्कीच्या ओट्यावर बसून रचली. पोरगा वाहत वाहत दूरच्या गावात लागतो, त्याला मागचं काही आठवत नाही, आणि तो एका चक्कीवर कामाला राहतो. चक्कीच का, तर चक्की घरची होती. मालक म्हणून बाबा. मी त्याची मानलेली बहीण. गुंड म्हणून मोहल्ल्यातले पोट्टे. मी तेव्हा शिवणकाम शिकत होते, त्यामुळे कपडे माझ्याकडे. मूळ पिक्चरमध्ये होता तसा लाल शर्ट मी मायच्या जुन्या पातळातून शिवला. धुरासाठी पीठ. सिद्धार्थ सांगायचा तेव्हा दोन पोरं दोन बाजूंनी मूठमूठ पीठ उडवायची आणि त्यातून अमोल चालत यायचा. मोबाईलमध्ये ते बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आपलीच चक्की, आपलाच ओटा, आणि त्यातून आपलाच भाऊ, पण जणू कोणी दुसराच.

बाबांचा सीन घेताना फार मजा झाली. अमोलनं हात जोडून काम मागायचं आणि बाबांनी विचारायचं, तू कोठला रे बाप्पा? बाबांना कधी बोलायचं ते कळेना, कारण सिद्धार्थनं सांगितलेलं ऐकूच येत नव्हतं. शेवटी मी कॅमेऱ्याच्या मागं उभी राहून पदर हलवायचा असं ठरलं. पदर हलला की बाबा बोलत, आणि बोलून झालं की माझ्याकडे बघून विचारत, झालं का बरोबर? तेही त्यात आलं. सिद्धार्थ म्हणाला राहू द्या, चांगलं वाटते. माय कॅमेऱ्यासमोर आली नाही, पण सगळ्या गुंडांना तिनं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा खाऊ घातला. म्हणायची, मारामारी करून राह्यले बिचारे, भूक लागली असन.

राखीचा सीन मला विसरता येत नाही. मी राखी बांधते आणि त्याला काहीतरी आठवायला लागतं, एवढंच होतं. सिद्धार्थनं सांगितलं होतं की नुसता हाताकडे पाह्य. अमोलनं पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. आम्ही घरातली माणसं, त्याला लहानपणापासून रडताना पाहिलेली, पण ते रडणं वेगळंच होतं. चक्कीसमोर दळण घेऊन थांबलेली म्हातारी डबा खाली ठेवून बघत राहिली. मी हे कौतुक म्हणून सांगत नाही. नंतरच्या आयुष्यात मी पुष्कळ पिक्चर पाहिले आहेत, पैसे घेऊन काम करणारे नट पाहिले आहेत. अमोलला ते येत होतं.

दोघांना एकच आशा होती. तो नट आपल्या चाहत्यांनी केलेले व्हिडिओ पाहतो असं सिद्धार्थनं कुठंतरी ऐकलं होतं. तो पाहील, बोलावून घेईल. अमोल हे कोणाला सांगत नसे, पण मला एकदा त्यानं विचारलं की ताई, तिकडची भाषा शिकाले किती दिवस लागत असतीन?

उडीचा सीन शेवटचा राहिला होता. गावाबाहेर कापसातली सरकी काढायचं एक जुनं जिनिंग बंद पडलेलं होतं. त्याच्या लांब भिंतीवरून अमोलनं धावत यायचं आणि खालच्या ढिगाऱ्यात उडी घ्यायची. पोरांनी बैलगाडीनं सोयाबीनचं कुटार, मळणीनंतर उरलेला भुसा, आणून तिथं टाकलं होतं, छातीएवढं उंच. अमोलनं त्याच दुपारी दोनदा उडी मारूनही पाहिली होती, आणि कुटारातून हसत, अंग खाजवत बाहेर आला होता. सिद्धार्थ घाईचा नव्हता. त्यानं स्वतः भिंतीवर चालून पाहिलं, सैल विटा काढून टाकल्या. तोवर गावात बातमी गेली होती की शूटिंग चालू आहे. माणसं जमली. मोटारसायकली रस्त्याच्या कडेला लागल्या. काहींनी आपापले मोबाईल वर धरले. मी डब्यातून पाणी घेऊन गेले होते आणि तिथंच चिंचेच्या सावलीत थांबले.

अमोल धावला. त्याच चालीनं, मान डावीकडे, खांदा पुढं. कडेला येऊन त्यानं ज्या पायावर जोर द्यायचा त्याच पायाखालची वीट निघाली. ती सैल नव्हती, सिद्धार्थनं ती पाहिली होती. तिच्याखालची माती गेलेली होती, ते वरून कसं दिसणार? अमोल पुढं गेलाच नाही, सरळ खाली आला. ढिगाऱ्याच्या अलीकडे, कापसाच्या गाठी ठेवायचा सिमेंटचा ओटा होता त्यावर, पाठीवर.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं असंच होतं ते. एक-दोन जणांनी शिट्टीही मारली. मग सिद्धार्थ मोबाईल फेकून धावला तेव्हा टाळ्या थांबल्या. अमोल शुद्धीवर होता. मला म्हणाला, "ताई, माहे पाय कोठी आहेत?" पाय त्याच्याच समोर होते. मी हात लावून दाखवले. तो माझ्या हाताकडे बघत राहिला.

त्याला जीपमध्ये घातलं. कोणी खांदे धरले, कोणी पाय गुडघ्यात दुमडले. पाठीचा कणा दुखावलेल्या माणसाला असं उचलायचं नसतं, हे आम्हाला अकोल्याच्या दवाखान्यात कळलं. उचलल्यानं जास्त झालं की पडतानाच सगळं झालं होतं, हे तिथल्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. ते बाबांना समजावत होते आणि बाबा हसून मान हलवत होते. मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचं वाक्य मला बाबांच्या तोंडासमोर तोंड नेऊन, एकेक शब्द सावकाश जुळवत पुन्हा म्हणावं लागलं. तो आता चालणार नाही. बाबांना पहिल्याच वेळी कळलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं नाही.

गावात मग बोलणं सुरू झालं. माझे मामा कारंज्याहून आले. त्यांचं म्हणणं होतं की त्या वस्तीतल्या पोट्ट्यानं आपल्या पोराला नादी लावलं, त्याच्यावर केस करा. मामा सिद्धार्थचं नाव घेत नव्हते, वस्तीचंच घेत होते. बाबांना हे सगळं लिहून दाखवावं लागलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "त्यानं ढकललं काय? मंग कायची केस?" आणि उठून चक्कीचा पट्टा चढवायला गेले. मामा त्या दिवसापासून बरीच वर्षं आमच्याकडे जेवले नाहीत. पण केसची गोष्ट फिरत फिरत गुरुजींच्या घरी पोचली होती.

अमोलला घरी आणलं. सुरुवातीला तो पुढच्या खोलीत, चक्कीजवळ पडायचा, माणसं दिसतात म्हणून. पण पिठानं खोकला यायला लागला, आणि खोकला आला की तो कमरेपासून वरच हलायचा. ते बघून बाया दळण ठेवून लवकर निघून जात. मग त्याला आतल्या खोलीत नेलं. त्याला एकच पाहिजे होतं. झालेला पिक्चर बघायचा होता. शेवटच्या सीनशिवाय तो जवळजवळ पुरा झाला होता, सगळा सिद्धार्थच्या मोबाईलच्या कार्डात. सिद्धार्थ बरेच दिवस आला नाही. आला तेव्हा दाराशीच उभा राहिला. मायनं त्याला आत बसवलं.

अमोल म्हणाला, "कार्ड आणलं?"

"नाही राह्यलं."

"कोठी गेलं?"

"पप्पानं मोडून टाकलं. पोलीस येतीन म्हणे, मोबाईल पाह्यतीन. मले हातात घेऊ नाही दिलं."

"सगळंच?"

"सगळंच."

अमोलनं विचारलं, "राखीचा पण?"

सिद्धार्थनं मान हलवली. अमोल मला म्हणाला, "ताई, याले चहा दे." एवढं बोलून त्यानं तोंड भिंतीकडे केलं. त्याला कूस बदलता येत नव्हती, मानच तेवढी वळली. सिद्धार्थनं चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेला.

गुरुजींना मी तेव्हा मनात खूप बोलले. आता नाही बोलत. एका बाजूला सगळं गाव, दुसऱ्या बाजूला त्यांचा एकुलता एक पोरगा. मीही मोडलं असतं.

आम्हाला वाटत होतं की आता काहीच राहिलं नाही. पण त्या दुपारी चिंचेखाली जे मोबाईल वर धरले होते, त्यातल्या एकातलं चित्रण बाहेर पडलं होतं. कोणाच्या, ते कधी कळलं नाही. पहिल्यांदा ते माझ्या शिवणक्लासच्या मैत्रिणीनं वाशीमहून फोन करून सांगितलं. अमोल धावतो आणि पडतो, एवढंच त्यात होतं. कोणीतरी त्याला हसण्याचा आवाज जोडला होता, आणि पडल्यावर ढोल. हिरो बनायला निघाला, असं वर लिहिलं होतं. ते या मोबाईलवरून त्या मोबाईलवर जात राहिलं. सिद्धार्थनं ते काढून टाकायला लावण्यासाठी जिवाचं रान केलं. एक काढलं की दुसरीकडे निघायचं, दुसऱ्या गाण्यासह. त्यानं खाली लिहिलं की हा मुलगा माझा मित्र आहे, तो आता चालू शकत नाही. त्याच्याखालीही लोकांनी हसणारी तोंडं टाकली. मग त्यानं लिहिणं सोडलं. पुढं तो पुण्याकडे एका गोदामात कामाला लागला. कॅमेरा त्यानं परत हातात घेतला नाही, स्वतःच्या लग्नात फोटोवाल्यालाही फार फिरू दिलं नाही.

बाबांना तो व्हिडिओ एका गिऱ्हाइकानं चक्कीवर दाखवला. तो माणूस वाईट नव्हता, हळहळतच दाखवत होता. बाबा पीठ लागलेले हात मागं धरून, वाकून बघत राहिले. त्यांना पोरगा धावताना दिसला, पडताना दिसला. हसणं ऐकू आलं नाही. वर लिहिलेलं चष्म्याशिवाय दिसलं नाही. त्या माणसानं बोटांनी खूण करून सांगितलं की हे लाखो लोकांनी पाहिलं. बाबा आत आले आणि मायला म्हणाले, "एवढ्या लोकायनं पाह्यलं. कोणी मोठा डॉक्टर पाह्यत असन. कोणी तरी विचारपूस करीन." माय माझ्याकडे बघायला लागली. मी तव्यावरची भाकर उलटली. आम्ही त्यांना कधीच सांगितलं नाही. पुढं कितीतरी महिने पोस्टमन बोळीत आला की बाबा चक्की हळू करून बाहेर बघायचे.

अमोलला मात्र सगळं माहीत होतं. त्यानं एकदा मला म्हटलं, दाखव. मी नाही म्हणत होते, पण त्याच्या जवळ दुसरं काय होतं? त्यानं आवाज बंद करायला लावला. एकदा पुरा पाहिला. मग म्हणाला, "पडायच्या आधी थांबवता येते का?"

मी अंगठ्यानं थांबवला. तो भिंतीवर होता, एक पाय हवेत. अमोलनं ते बराच वेळ पाहिलं.

"चाल बरोबर पकडली होती," तो म्हणाला.

त्यानंतर तो अधूनमधून मागायचा आणि मी तिथंच थांबवून द्यायची. त्याच्या सगळ्या पिक्चरमधलं तेवढंच राहिलं होतं, आणि त्याच्या सगळ्या चालण्यामधलंही.

माझं लग्न होऊन मी मालेगावला आले. मायनं त्याचं सगळं केलं, वर्षानुवर्षं, कूस बदलणं, पुसणं, जखमा धुणं. तरी पाठीला जखमा झाल्याच. मग ताप यायला लागला, आणि मग मूत्रपिंडं गेली. सोयाबीन काढायला आलं होतं त्या दिवसांत तो गेला. मी पोचले तेव्हा चक्की बंद होती आणि घरात सगळे हळू बोलत होते. मला ते घर ओळखू येईना. शेवटच्या महिन्यात मी चार दिवस राहून गेले होते, तेव्हा तो माझ्याशी पिक्चरबद्दल काही बोलला असेल असं लोकांना वाटतं. नाही बोलला. पाणी मागायचा, पंखा वाढव म्हणायचा. तेराव्यानंतर बाबांनी चक्की सुरू केली. माय त्यानंतर फार जगली नाही.

माझी मुलगी आर्या तेव्हा अगदी लहान होती. मामा म्हणजे तिला भिंतीवरचा फोटो, सुजलेल्या चेहऱ्याचा, उशीला टेकलेला. आता ती शाळेत जाते. मधे एका संध्याकाळी मी मेथी निवडत होते. ती पलंगावर मोबाईल घेऊन पडली होती आणि एकटीच खुदुखुदू हसत होती. मला म्हणाली, मम्मी, हे पाह्य. मी पाहिलं. तोच व्हिडिओ. किती हातांतून फिरून आला होता कोणास ठाऊक, रंग उडाले होते, चेहरा तर ओळखूच येत नव्हता. वर सोमवारबद्दल काहीतरी लिहिलं होतं, सोमवारी शाळेत जाताना आम्ही, असं काहीसं. ती पडायच्या आधीच हसायला लागली, कारण तिनं तो आधी पाहिलेला होता.

मी म्हटलं, "हा अमोलमामा आहे."

तिला वाटलं मी गंमत करते. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि उठून बसली. मी तिला सांगितलं. फार नाही, जेवढं तिच्या वयाला सांगता येईल तेवढं. तिनं मोबाईलमधून तो व्हिडिओ काढून टाकला आणि मला दाखवला, की पाह्य, काढला. मी मेथी घेऊन आत गेले.

थोड्या वेळानं ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. रडत होती.

"मी ग्रुपवर टाकला होता मम्मी. सकाळीच. शाळेच्या."

"तिथून काढून टाक."

"काढला. पण त्यायनं पुढं पाठवला असन ना?"

मी म्हटलं, "हो. पाठवला असन."